शुद्धीवर असलेल्यांची जबाबदारी

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि बारावीच्या निकालाची पार्टी करून निघाला होता, असं तपासात पुढे आलं. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर संताप उसळला तो या निबंधावरून, आणि तो रास्त होता. पण निबंध हा घटनेचा शेवट. तिच्या सुरुवातीकडे पाहिलं तर निराळी यादी दिसते. कायमस्वरूपी नोंदणीही न झालेली गाडी मुलाच्या हाती घरातूनच आली होती. अल्पवयीनांना दारू दिल्यावरून दोन बारना नंतर टाळं ठोकण्यात आलं. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. या यादीतली मोठी माणसं आपापलं काम करत असताना पुरती शुद्धीवर होती.

या लेखाचा मुद्दा इथूनच निघतो. पिऊन झालेल्या अपघाताची तयारी पहिल्या घोटाच्या आधी झालेली असते आणि त्या तयारीला शुद्धीवरच्या अनेकांचा हातभार लागलेला असतो. म्हणून तो रोखण्याची पहिली जबाबदारीही त्यांचीच. आपल्याकडे वादाची एक जुनी शिस्त आहे : आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा, मग उत्तरपक्ष. इथे पूर्वपक्ष अण्णांचा आहे. अण्णा नावाची कोणी एक व्यक्ती नाही. तालुक्याच्या गावी हमरस्त्यालगत परमिट रूम चालवणारे, दोन मुलांचे वडील, गणेश मंडळाच्या कारभारात असलेले गृहस्थ कल्पून ग्रामसभेत, पारावर आणि लग्नाच्या मांडवात ऐकू येणारे आक्षेप त्यांच्या तोंडी घातले आहेत.

अण्णा : ताई, पुण्याचं प्रकरण आमच्या गळ्यात घालू नका. ती बड्या घरची पोरं, कोटीच्या गाड्या, मध्यरात्रीनंतर चालणारे पब. आमच्याकडचा पोरगा बापाची स्प्लेंडर घेऊन डेअरीवर दूध घालायला जातो. आणि सरकारचे आकडे बघा ना. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यात पिऊन गाडी चालवल्यामुळे गेलेली चार हजार दोनशेच्या आसपास, म्हणजे शेकडा अडीच. बाकीची वेगाने, चुकीच्या बाजूने आलेल्या गाड्यांनी गेली. मग सगळ्यांचं बोट दारूकडेच का?

मी : अण्णा, आकडा तुम्ही बरोबर सांगितलात. तो तयार कसा होतो, तेही बघू. अपघाताची नोंद करताना मृत्यू एका कारणाखाली मोजला जातो आणि बहुतेक वेळा तिथे अतिवेग येतो. त्या वर्षीचे सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू त्याच रकान्यात आहेत. गाडी एवढ्या वेगात का होती, हे त्या रकान्यात मावत नाही. दारूचं कारण लिहायला पुरावा लागतो आणि तो तासागणिक नाहीसा होत असतो. शरीर रक्तातली दारू १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने कमी करतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अपघाताच्या वेळी कोणाच्या रक्तात ९० असेल, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट, तर चार तासांनी तो माणूस कागदावर निर्दोष. जखमीला ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवण्यातच एवढा वेळ जातो. पळून गेलेल्याचं तर विचारायलाच नको. ७ जुलै २०२४ ला वरळीत मोटारीने एका कोळणीचा जीव घेतला. त्या प्रकरणातला आरोपी दोन दिवसांनी हाती लागला आणि त्याच्या रक्तात दारूचा अंश सापडला नाही. इतक्या उशिराच्या चाचणीतून तो प्यायला होता हेही ठरत नाही आणि नव्हता हेही ठरत नाही. असे अपघात दारूच्या रकान्यात कधी येणार? तेव्हा अडीच टक्के हा सिद्ध करता आलेला भाग आहे, घडलेल्याचं माप नाही. राहिली गोष्ट कोटीच्या गाड्यांची. त्याच २०२२ साली मेलेल्यांपैकी शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे होते. हा प्रश्न बड्या घरांपेक्षा तुमच्या त्या स्प्लेंडरचाच जास्त आहे.

अण्णा : बरं, मानलं. पण पिणारे सगळे सारखे नसतात. माझ्याकडे वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. दोन पेग घेतात, जेवतात, गाडीला किक मारतात आणि सरळ घरी जातात. कधी कोणाला खरचटलं नाही. ज्याला सवय आहे, त्याला दोन पेगने काय होतं?

मी : हिशेबच मांडू. तीस मिलिलिटरचे दोन पेग म्हणजे साठ मिलिलिटर व्हिस्की, त्यात साधारण वीस ग्रॅम मद्यार्क. साठ किलो वजनाच्या माणसाने ती रिकाम्या पोटी घेतली, तर रक्तातलं प्रमाण ४५ ते ५० पर्यंत जाऊ शकतं. म्हणजे ‘फक्त दोन’ म्हणणारा कायद्याची रेघ ओलांडून बसलेला असतो, आणि पेग मोठा भरला असेल तर बरंच पुढे गेलेला असतो. सवयीचा माणूस चालताना डगमगत नाही, जीभ अडखळू देत नाही, म्हणून बघणाऱ्याला तो ठीक वाटतो आणि त्याला स्वतःलाही. पण एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणं, समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे पटकन सावरणं, अचानक काही आडवं आलं तर क्षणात ठरवणं, या गोष्टी सवयीने परत येत नाहीत. गळीत हंगामातली रात्र डोळ्यांसमोर आणा. पुढे उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी आहे, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. दुचाकीच्या दिव्यात ती समजा चाळीस मीटरवर दिसली. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. शुद्धीवरच्या माणसाचा हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, मग गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर लागतात. सदतीस मीटर झाले, तो कसाबसा वाचला. प्यायलेल्याला ओळखायला अर्धा सेकंद जास्त लागला की आठ मीटर वाढले आणि ते आठ मीटर त्याच्याजवळ नाहीत. तुमची गिऱ्हाइकं वीस वर्षं घरी पोचली, कारण त्या रात्री अशी ट्रॉली पुढे आली नाही. ज्यांच्या पुढे आली, ते अनुभव सांगायला तुमच्या टेबलावर परत येत नाहीत. लिंबूपाणी, कडक चहा किंवा डोक्यावर पाणी मारणं यांनी झोप उडेल, दारू उतरत नाही. तिला फक्त वेळ उतरवतो.

अण्णा : तुमच्या हिशेबाला मी काय बोलणार! पण वयाचं सांगा. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि व्हिस्कीला पंचवीस. अठराव्या वर्षी पोरगा मत देतो, एकविसाव्या वर्षी लग्न करतो, आणि त्याच्या लग्नात त्याला एक पेग घेता येत नाही! हा कायदा पाळतं कोण? परमिट तरी कोण विचारतो? त्यापेक्षा पोरांनी चोरून, शेताच्या बांधावर बसून काहीबाही पिण्याऐवजी घरात, बापासमोर घ्यावी. निदान नजरेसमोर तरी राहतात.

मी : पंचविसाच्या नियमाबद्दल तुमची तक्रार मला अर्धी पटते. जो नियम कोणी पाळत नाही आणि कोणी पाळायला लावत नाही, तो शेजारच्या नियमांचाही धाक घालवतो. वरळीच्या त्या प्रकरणानंतर जुहूच्या एका बारला टाळं लागलं, कारण आरोपी पंचविशीच्या आतला होता. म्हणजे नियम आठवला तो माणूस मेल्यावर. ही मर्यादा सरसकट एकवीस करावी का, यावर खुशाल चर्चा व्हावी. पण त्या चर्चेच्या आडून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातातला ग्लास रास्त ठरत नाही. तुमच्या युक्तिवादाची परीक्षा एका देशात होऊन गेली आहे. न्यूझीलंडने १९९९ मध्ये दारू विकत घेण्याचं वय विसावरून अठरावर आणलं. त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांमध्ये वाहन अपघातांतल्या जखमींचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि पंधरा ते सतरा वयोगटातही वाढलं. कायद्याने या दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं. पण अठराचा मित्र सोळाच्या मित्राला बाटली आणून देतोच. वय एका पायरीने खाली आणलं की दारू दोन पायऱ्या खाली उतरते.

आणखी एक, अण्णा. रक्तात दारूचं प्रमाण सारखं असलं तरी कोवळ्या चालकाचा अपघाताचा धोका अनुभवी चालकापेक्षा जास्त असतो, कारण तो गाडी चालवायला आणि दारू झेपवायला एकाच वेळी शिकत असतो आणि दोन्हींत कच्चा असतो. बापासमोर घेतलेल्या ग्लासातून मुलगा मोजून प्यायला शिकेल, ही तुमची आशा. तो शिकतो ते असं, की नियम माणूस पाहून वाकतो. मग सिग्नल, हेल्मेट, परवाना सगळंच वाकायला लागतं. ‘हल्ली सगळीच पोरं पितात’ हेही खरं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला व्यसनांचा राष्ट्रीय पाहणी अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दहा ते सतरा वयोगटात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के होतं. न पिणारी मुलं प्रचंड बहुमतात आहेत. आपण ‘सगळेच पितात’ म्हणतो, तेव्हा त्या बहुमतातल्या मुलाला आपणच एकटं पाडतो.

अण्णा : म्हणजे पुन्हा आम्हा आईबापांवरच आलं. पोरगं आमचं ऐकत नाही, किल्ली हिसकावून नेतं. क्लास पाच किलोमीटरवर, एसटीची वेळ जुळत नाही. गाडी द्यावीच लागते.

मी : अडचण खरी आहे. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही तुमच्यासमोर असावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ सांगतं, की अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जाईल : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम तुमच्या काउंटरला लागतं, तसं पोराच्या हाती बाटली देणाऱ्या काकालाही. विनापरवाना मुलाने कोणाला उडवलं, तर विमा कंपनी त्या कुटुंबाला आधी भरपाई देऊन मग ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा किल्ली दिल्याने वाचलेल्या वेळेचा हिशेब जमिनीपर्यंत जाऊ शकतो. मी भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. कायद्याने जबाबदारी नेमकी शुद्धीवरच्या माणसावर ठेवली आहे, एवढंच दाखवते आहे. आपणच ती मुलावर ढकलतो.

अण्णा : मग सरळ म्हणा ना, दारूबंदी करा! बायका मतदान करून ‘आडवी बाटली’ करतात, माझं दुकान बंद होतं, कामाची पोरं घरी बसतात. आणि पुढे? चंद्रपूरला २०१५ साली बंदी आणली, २०२१ मध्ये उठवली. मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. महामार्गाचंच घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या डिसेंबरात पाचशे मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली. मग लहान गावांना अंतर कमी केलं, पालिकांच्या हद्दी सोडल्या. माणूस प्यायचा थांबला का?

मी : दारूबंदीचा वाद मोठा आहे आणि त्याला दुसरी बाजूही आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये आलेली बंदी आजही टिकून आहे, आणि संसाराची होळी झालेल्या बायकांनी ‘आडवी बाटली’ मागितली तर त्यांचा हक्क मी नाकारणार नाही. पण माझी मागणी त्याहून अरुंद आहे. प्रौढ माणसाने प्यावं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पिणं आणि गाडी चालवणं यांची ताटातूट करता येते. ती दुकान किती मीटरवर आहे यावरून होत नाही, हे तुमचंच उदाहरण दाखवतं. ती होते पकडलं जाण्याच्या खात्रीवरून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून रस्त्यात कोणालाही, कधीही थांबवून श्वासाची तपासणी सुरू केली. संशय यावा लागत नव्हता, वेळ ठरलेली नव्हती, आणि तिचा गाजावाजा एवढा केला की प्रत्येकाला आज आपलीच पाळी येईल असं वाटावं. प्राणघातक अपघात सुमारे एक पंचमांशाने घटले. बार चालूच राहिले. मुंबईतही जून २००७ पासून पोलिसांनी अशीच सातत्याने मोहीम चालवली, तुरुंगवास आणि परवाना निलंबन होऊ लागलं. पार्टीला निघतानाच ‘आज गाडी कोण चालवणार’ हा प्रश्न तिथे विचारला जाऊ लागला. आपल्या तालुक्यात नाकाबंदी लागते ती गटारीला आणि एकतीस डिसेंबरला. ती कुठे लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कोणी सापडलाच तर साहेबांना फोन जातो.

अण्णा : तेच म्हणतो मी. शिक्षा वाढवा. दहा-वीस वर्षं आत टाका, सगळे सरळ होतील.

मी : शिक्षेच्या आकड्याने धाक बसत नाही, अण्णा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली गेले. चालकाच्या रक्तात मर्यादेच्या कितीतरी पट दारू होती. त्याला झालेली तीन वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टात कायम झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. रस्त्यावर किल्ली फिरवणाऱ्या माणसाला पाच वर्षांनंतरचा निकाल दिसत नाही, पुढच्या चौकातला हवालदार दिसतो. पहिल्यांदा पिऊन चालवताना सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही ही आजची शिक्षा कमी नाही. ती लागेलच असं कोणालाही वाटत नाही, हे दुखणं आहे. आणि तशी खात्री पोलिसांच्या बरोबरीने गावच देऊ शकतं. सापडलेल्या पोरासाठी सरपंचाने फोन न करणं, मंडळाच्या अध्यक्षाने ठाण्यावर न जाणं, ही त्याची सुरुवात.

अण्णा : ताई, शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात खरा प्रश्न. रात्री दहा वाजता माझ्याकडून निघालेला माणूस आठ किलोमीटरवरच्या वस्तीवर जाणार कसा? शेवटची एसटी कधीच गेलेली असते, रिक्षावाले झोपलेले असतात. मुंबईत टॅक्सी आहे, इथे काय आहे? आणि मी त्याची किल्ली काढून घेतली, तर उद्या तो शेजारच्या ढाब्यावर बसेल. माझं गिऱ्हाईक तुटेल, अपघात मात्र व्हायचा तो होईल.

मी : या प्रश्नाला मी मान देते, कारण यात सबब कमी आणि वस्तुस्थिती जास्त आहे. रात्रीच्या वाहतुकीची सोय नसणं हा आपल्या ग्रामीण भागावरचा अन्यायच आहे आणि ती सोय मागितलीच पाहिजे. पण घरी परतायचं कसं हे प्यायच्या आधी ठरवता येतं, प्यायल्यावर ते ठरवणारी बुद्धीच जागेवर नसते. म्हणून व्यवस्था बसण्याच्या वेळी व्हायला हवी. तुमच्या दारातच दोन-तीन रिक्षावाल्यांशी रात्रीचा दर ठरवून त्यांचे नंबर भिंतीवर लावता येतील. चौघांच्या टेबलावर पहिली ऑर्डर घेतानाच ‘चालवणार कोण’ हे विचारून त्याच्यापुढे सोडा ठेवता येईल. गाडी रात्रभर तुमच्या आवारात सुरक्षित राहील, एवढी हमी देता येईल. पुष्कळजण गाडी चोरीला जाईल या धास्तीनेच ती चालवत नेतात. गिऱ्हाईक तुटण्याची भीती एकट्या दुकानदाराला असते. तेव्हा एकट्याने करूच नका. रस्त्यावरच्या सगळ्या परमिट रूम आणि ढाब्यांनी एकच नियम केला आणि ग्रामसभेने ठराव करून त्याला पाठबळ दिलं, तर रुसलेला माणूस जाणार कुठे? हेच हळदीच्या रात्रीला आणि वरातीला लागू आहे. मांडववाला, आचारी, बँडवाला सगळे ठरवून बोलावतो तसे दोन न पिणारे चालकही यजमानाने ठरवले, तर लग्नघरावरची अवकळा टळेल. शाळा-कॉलेजनेही आवारात लागलेल्या अल्पवयीनांच्या गाड्यांकडे डोळेझाक करू नये. त्या मोजून पालकांना बोलावणं हे मुख्याध्यापकाच्या अधिकारातलं काम आहे. आणि क्लासची वेळ एसटीच्या वेळेशी जुळवायची मागणी पालकांनी एकत्र येऊन केली, तर ती क्लासवाल्यालाही ऐकावी लागेल.

अण्णा : एवढं सगळं आम्हीच करायचं, आणि पिणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही?

मी : त्याची जबाबदारी पूर्ण आहे आणि कायद्यात ती लिहिलेली आहे. पण तो जबाबदारी पार पाडेल या भरवशावर गावाची सुरक्षितता ठेवता येत नाही, कारण दारू त्याची तीच शक्ती आधी हिरावून घेते. विचार करण्याची क्षमता त्या रात्री ज्यांच्याजवळ शाबूत असते, त्यांनीच विचार केला पाहिजे : किल्ली देणाऱ्या बापाने, ग्लास भरणाऱ्या वेटरने, मागच्या सीटवर बसणाऱ्या मित्राने, सोडवायला फोन करणाऱ्या पुढाऱ्याने, नमुना घेणाऱ्या डॉक्टरने. या साखळीतली एक कडी जरी नाही म्हणाली, तरी त्या रात्रीचा अपघात टळू शकतो. या नाही म्हणण्याला नव्या कायद्याची गरज नाही, फार पैसाही लागत नाही. त्याला लागतो तो थोडा वाईटपणा घेण्याचा धीर. अण्णा, तो वाईटपणा तुम्ही तुमच्या काउंटरवर घ्या, मी माझ्या लेखणीतून घेते, आणि पुढच्या ग्रामसभेत आपण दोघं मिळून हा ठराव मांडू.